नापासांची फेरी

खंदारे सर हजेरी घेताना रजिस्टरकडे बघत नसत. डोळे मिटून एकेक नाव घ्यायचे आणि पोराचं 'हजर सर' कान देऊन ऐकायचे. दहावीचा वर्ग, पन्नासेक पोरं-पोरी, त्यांची हजेरीच पंधरा मिनिटं चालायची. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. माझी हजेरी दीड मिनिटात उरकायची आणि त्याचा मला अभिमान होता. एकदा मी त्यांना टोकलं, "सर, तुमचा भूगोल हजेरीतच संपतो की हो."

"पतंगे सर," ते म्हणाले, "पोरगं 'हजर' कसं म्हणून राहिलं त्यावरून कळतं, कोण मार खाऊन आलं, कोण उपाशी आलं. नद्या कुठं पळून चालल्या?"

मला ही युक्ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी मीही डोळे मिटले. सहाव्या नंबरच्या गजाननचं 'हजर' असं काही दबलेलं, घोगरं आलं की माझ्या अंगावर काटा आला. वर्ग तसाच सोडून मी त्याला व्हरांड्यात नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्य, संकटं, आईबाप या विषयांवर वीस मिनिटं बोललो. पोराची मान खाली, डोळ्यांत पाणी. शेवटी म्हटलं, "बोल बाळा, मन मोकळं कर." त्यानं तोंड उघडलं. आत कच्ची चिंच होती, मीठ लावलेली. डोळ्यांतलं पाणी तिचं. वर मलाच विचारतो, "सर, थुकून येऊ का?"

अख्खी शाळा आठवडाभर हसली. खंदारे सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "चिंच निघाली हे बरंच झालं की."

आमची शाळा हिंगोली-वाशीम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं आत वळल्यावर. जिल्हा तेव्हा परभणी होता. खंदारे सर मूळचे शिरड शहापूरकडचे, बौद्ध कुटुंबातले. आई-वडील दोघं मजुरीला जायचे, हे घरातले पहिले पदवीधर. गावाच्या कडेला एक खोली घेऊन एकटेच राहायचे. बायको-मुलं तिकडं गावी. डबा खायला ते स्टाफरूममध्ये येत नसत, पोरांच्या हौदाजवळ बसत. पाण्याची बाटली स्वतःची. स्टाफरूमच्या माठातलं पाणी ते कधीच पीत नाहीत हे माझ्या लक्षात यायला आठ वर्षं लागली. लक्षात आल्यावर का म्हणून विचारायची लाज वाटली, म्हणून विचारलं नाही. अशा कामात मी फार तरबेज होतो.

त्या काळात मूल्यशिक्षण आलं. रोज परिपाठाला एक मूल्य सांगायचं आणि वहीत नोंद करायची. हेडमास्तरांनी ती वही माझ्याकडं दिली, कारण माझं अक्षर चांगलं होतं. सोमवारी सत्य, मंगळवारी श्रमप्रतिष्ठा असं मी सुवाच्य लिहीत असे. काही वेळा दोन आठवड्यांचं एकदम.

सहामाहीच्या परीक्षेत खंदारे सरांच्या वर्गात एका पोराच्या पायमोज्यात कॉपी सापडली. आम्ही असतो तर दोन कानाखाली ठेवून पेपर काढून घेतला असता. सर त्याच्या बाकावर शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "लिही. बघून लिही. फक्त उत्तर संपलं की खाली लिहायचं, हे माझं न्हाई." पोरानं दोन उत्तरं तशी लिहिली. तिसऱ्याला चिठ्ठी सरांच्या हातात दिली आणि पुढचा पेपर कोरा ठेवून घंटा होईपर्यंत बसून राहिलं. सरांनी दोन्ही उत्तरांना शून्य दिलं आणि खालच्या ओळीला एकेक मार्क.

हेडमास्तर भडकले. "हे दोन मार्क कशाचे?"

"एवढंच त्यानं सोता लिहिलं ना, साहेब," सर म्हणाले.

मी भारावलो. मी भारावलो की कुणाचं तरी नुकसान होतं. पुढच्या चाचणीला मी फळ्यावरच जाहीर केलं की जो प्रामाणिकपणे 'हे माझं नाही' असं लिहील त्याला प्रत्येक गणितामागं एक मार्क. झालं. सगळ्या वर्गानं सगळ्या गणितांखाली ते वाक्य लिहिलं. ज्यांनी गणितं स्वतः सोडवली होती त्यांनीसुद्धा. एका पोरीनं तर गणितच सोडवलं नव्हतं, नुसतं वाक्य. जन्मात पास न झालेली पोरं त्या चाचणीत पहिल्या वर्गात आली. मी पेपर घेऊन रडकुंडीला येऊन सरांच्या खोलीवर गेलो.

ते पेपर चाळून म्हणाले, "तुमी आधीच भाव सांगून टाकला, सर."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे नापासांची फेरी.

दहावीच्या निकालाचा कागद तेव्हा शाळेत यायचा. आमचा क्लार्क सकाळच्या गाडीनं हिंगोलीला जायचा आणि बाराच्या आत गठ्ठा घेऊन परत यायचा. दोन वाजता निकाल बोर्डावर लागायचा. मधल्या दोन तासांत आम्ही बाकीचे मास्तर हार, गुलाल, पहिल्या नंबराचा फोटो या तयारीत. खंदारे सर मात्र कागद हातात पडला की कोपऱ्यात बसून नापासांतली पाचसहा नावं एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि सायकल काढायचे. निम्मा वर्ग नापास व्हायचा, सगळ्यांकडं कुठं जाणार? बाकीचे पचवतील, म्हणायचे. ज्यांना पचणार नाही त्यांच्या घरी ते बोर्डाच्या आधी पोचायचे. पिशवीत ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म. आधी पोराला एकट्याला गाठून सांगायचं, मग त्याला शेजारी उभं करून घरच्यांना सांगायचं, तिथंच फॉर्मवर सही घ्यायची. आणि घरातला कालवा निवेपर्यंत चहा पीत बसून राहायचं.

एका वर्षी मी हट्टानं बरोबर गेलो. पहिलंच घर मारोतरावांचं, पोरगी सुमन. मारोतराव अंगणात पेरणीची तिफण दुरुस्त करत बसलेले. आता निकालाच्या दिवशी एखाद्या दारात पाऊल टाकलं की माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "काय मारोतराव, तोंड गोड करा!"

मारोतराव तिफण टाकून उठले. "पास झाली? अगं ए, साखर आण! पोरगी पास झाली!"

खंदारे सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दाराआड सुमन उभी होती, तिला म्हणाले, "बाई, पाणी आण गं." तिनं तांब्या आणला तेव्हा हळू म्हणाले, "सुमन, इंग्रजी राहिलं. बाकी सगळे निघाले. आता मी तुझ्या बाबाला सांगून राहिलो. तू इथंच माझ्याजवळ थांब." मग मोठ्यानं, "मारोतराव, पतंगे सरांनी दुसरीचा कागद पाहिला. आपली सुमन एका विषयात राहिली."

"राहिली? मग हे काहून बोंबलले?" मारोतरावांनी माझ्याकडं बोट केलं.

"ते गणिताचे हायत. त्येंचा हिशोब चुकतो कधीकधी."

"मी म्हणलोच होतो, पोरीला शिकवून काय..."

"म्हणा, नंतर म्हणा. आधी सही करा. ह्यो ऑक्टोबरचा फॉर्म."

"आत्ता?"

"आत्ता. तिफण मी धरतो."

आणि खरंच त्यांनी तिफणीचं दुसरं टोक धरलं. अर्धा तास मारोतराव ठोकत होते, शिव्या देत होते, शिव्या हळूहळू पोरीवरून तिफणीवर गेल्या. सुमन ऑक्टोबरला निघाली. पुढं नर्स झाली म्हणे.

परत येताना मी विचारलं, "सर, ही मारोतरावांची वाडी सगळ्यात लांब. रस्त्यातली दोन घरं सोडून आधी इथं का आलो?"

"काम होतं," म्हणाले. त्यांना ज्या पोरांनी काही सांगितलेलं असायचं ते त्यांच्या पोटातून बाहेर येत नसे. मी पुन्हा विचारलं नाही. चढ होता, मला दम लागला होता.

आता पुढं जे सांगायचं आहे ते हसवून सांगता येतं का, हे मी पुष्कळदा करून पाहिलं. येत नाही.

जिल्हा वेगळा झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. निकालाच्या दिवशी खंदारे सरांना ताप. अंगावर दोन वाकळा, दात वाजत होते. क्लार्कनं कागद त्यांच्या खोलीवर नेला, त्यांनी पडल्यापडल्या चिठ्ठी लिहिली आणि मला बोलावून घेतलं. सहा नावं, प्रत्येकापुढं आकडा.

"पतंगे सर, तुमी जा. बराबर ह्याच नंबरानं जा. बाकी काही बोलू नका, नुसते बसा."

"तुम्ही निवांत पडा," मी म्हणालो.

मी नवीन मोपेड घेतली होती. गावाच्या वेशीवर मी ती स्टँडला लावली आणि चिठ्ठी पुन्हा उघडली. एक नंबर दत्ता, राहायला नदीपलीकडच्या वाडीत, सगळ्या गावांच्या शेवटी. दोन नंबर शाळेच्या मागं. तीन नंबर पुन्हा नदीकडं. मला हसू आलं. भूगोलाचा मास्तर आणि रस्त्याची ही तऱ्हा! मी खिशातली पेन्सिल काढली, चिठ्ठीच्या मागं सहा ठिपके काढले, रेघा जोडल्या आणि सगळ्यात जवळचा रस्ता शोधला. नावांपुढं नवीन आकडे घातले. जवळजवळ निम्मं अंतर वाचत होतं. संध्याकाळी हे सरांना दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलंसुद्धा.

दत्ता सहावा झाला.

पहिल्या घरी मी बसलो. दुसऱ्या घरी मला जेवायला वाढलं, नको म्हणालो नाही. तिसऱ्या घरचं पोरगं रडायला लागलं तेव्हा मला वाटलं, आता आपली खरी गरज आहे, आणि मी तिथं अपयशावर बोललो. बरंच बोललो. नदीपलीकडं पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बोर्डावर निकाल लागून तास झाला होता.

दत्ताचे वडील ओट्यावर बसून दोरी वळत होते. म्हाताऱ्यासारखे दिसायचे, पण माझ्याच वयाचे असतील. मला बघून उठले. "या सर, या. दत्त्या आताच आखाड्यावर गेला. त्याचा चुलतभाऊ शाळेतून आलता सायकलवर, दोघं काहीतरी बोलले आन् ह्यो गेला. काय म्हणतो रिझल्ट?"

आखाडा म्हणजे शेतातली गोठ्याची जागा, पाचसात मिनिटांच्या वाटेवर. उठून चालू लागायला हवं होतं. पण खंदारे सर आधी बसतात, चहा घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. आतून दत्ताची आई म्हणाली, "बसा सर, चहा टाकते." आणि मी बसलो. चहा चांगला झाला होता. तेवढा मी पूर्ण प्यालो. दत्ताच्या वडिलांना पावसाचं विचारलं, बैलांचं विचारलं. सरांसारखं.

मग शेताकडून कुणीतरी ओरडत पळत आलं.

त्याहून जास्त मी सांगणार नाही. तो वाचला नाही.

खंदारे सर तापातच कुणाच्या तरी जीपमधून आले. पोरं रडत होती, त्यांच्यात उभे राहिले. एकेकाच्या पाठीवर नुसता हात ठेवत होते. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आले आणि हात पुढं केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी पेन्सिलीचे आकडे पाहिले, उलटून मागचे सहा ठिपके पाहिले. मला वाटत होतं, यांनी आता सगळ्यांच्या समोर माझ्या थोबाडीत मारावी. मी त्यासाठी मान थोडी पुढंही केली असेन.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी तुमाला कारण सांगायला पाहिजे होतं." चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "हिवाळ्यात त्यानं मला सांगितलं होतं. नापास झालो तर मी राहत न्हाई सर, म्हणला होता. मी म्हणलो, निकाल तुला मीच सांगीन, सगळ्यांच्या आधी. तवर काही करायचं न्हाई. त्यानं शब्द दिलता."

"त्याच्या वडिलांना माहीत होतं?"

"सांगितलं होतं मी. त्येंना वाटलं, पोरगं भेव दाखवून राहिलं."

निकालापर्यंत पोरानं शब्द पाळला होता. त्याला आधी सांगायला कुणी गेलं नाही.

तेराव्याला दत्ताचे वडील माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमी तरी आलता, सर. दुसरं कोण येतं नापासाच्या घरी?" मी मान हलवली. त्या चिठ्ठीबद्दल आम्हा दोघांशिवाय कुणाला कळलं नाही. खंदारे सरांनी सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच. त्या आठवड्याच्या मूल्यशिक्षणाच्या वहीत माझ्या सुवाच्य अक्षरात संवेदनशीलतेची नोंद आहे.

त्यानंतर सरांची फेरी चालूच राहिली, पण ते कुणाच्या घरी बसेनात. सायकल भिंतीला टेकवायची नाही, पोराला सांगायचं, सही घ्यायची, पुढचं घर. मारोतरावांसारखा कुणी ठोकत असला तर तिफण धरायला थांबणं राहिलं नाही. हजेरीला आता वीस मिनिटं लागायची. एकाच पोराचं नाव ते दोनदा घ्यायचे, तीनदा घ्यायचे. पोरं हसायला लागली. "हजर सर, हजर सर, हजर सर," असं एकजण म्हणाला, तरी सरांनी डोळे उघडले नाहीत. हेडमास्तर बदलले, नव्यांनी त्यांची दहावी काढून पाचवी दिली. मला दहावीचा वर्गशिक्षक केलं. मी घेतलं.

मग निकाल नेटवर यायला लागला. कागद मागाहून, चार दिवसांनी. दुपारी एक वाजता म्हणजे एक वाजता, सगळ्यांना एकदम. पोरं हिंगोलीला जाऊन कॅफेत नंबर टाकायची, पडद्यावर बघायची. मधले दोन तास गेले. खंदारे सर माझ्याकडं आले, कॉम्प्युटर काय असतो ते समजून घेतलं. म्हणाले, "सर, शाळेला तासभर आधी दिसंल असं काही करता येतं का ह्याच्यात?"

मी म्हटलं, "नाही हो, ते मशीन आहे. ते सगळ्यांना सारखंच."

"सारखंच," ते म्हणाले. वरच्या ऑफिसला पाठवा म्हणून त्यांनी हेडमास्तरांकडं एक पत्र लिहून दिलं. हेडमास्तरांनी ते स्टाफरूममध्ये आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही हसलो. 'आम्ही'मध्ये मी धरलेला आहे.

ते रिटायर झाल्यावर शिरड शहापूरला गेले. निरोपसमारंभात भाषण मी केलं, तेही लांबलं.

शेवटचं पाहिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी मुलगी दहावीला होती. निकालाच्या दिवशी आम्ही बापलेक हिंगोलीत बसस्टँडजवळच्या कॅफेत गेलो. वरच्या मजल्यावर ते, खाली अरुंद जिना, जिन्यावर पोरांची ही गर्दी. मुलीला चांगले मार्क पडले होते. मी हवेत होतो. उतरताना जिन्याच्या तळाशी मला पांढरा शर्ट दिसला. खंदारे सर. वाळले होते. कुणाला शोधत असावेत असे उभे होते, पण शोधत कुणालाच नव्हते. खाली येणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाकडं बघत होते. शेजारचा पानवाला कुणाला तरी सांगत होता, "वो मास्तर है. हर साल आता है, सुबह से खडा रहता है."

एक मुलगी ओढणीनं डोळे पुसत खाली आली. सर पुढं झाले. "कोणत्या गावची गं बाई तू? थांब जरा."

ती दचकून मागं सरली. तिच्या भावानं मध्ये हात घातला. "ओ बाबा! काय काम हाय? काहून अडवून राहिले पोरीला?"

"काही न्हाई. मी शिक्षक..."

"सरका ना मंग बाजूला!"

सर सरकले. भाऊ बहिणीला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. ती कोणत्या रस्त्याला लागली ते सर मान वळवून बघत राहिले.

माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ते आजोबा तुमच्याकडं बघायलेत. ओळखीचे हायत का?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिचा हात धरून गर्दीतून पलीकडच्या बाजूनं बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर वळून पाहिलं. वरून कुणीतरी पोरगं एकटंच उतरत होतं, कठड्याला धरून, सावकाश. सर पुन्हा पायरीजवळ गेले.